म्हशीला विचारलेले प्रश्न

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाची तक्रार नको. एसटीत कंडक्टर आहे मी. हिंगोलीहून सेनगाव, सेनगावहून गोरेगाव आणि परत. दारात लोंबकळणाऱ्यांना आत ढकलायचं. सीटवर पिशवी ठेवून 'माणूस येऊन राहिलं' म्हणणाऱ्याची पिशवी उचलून त्याच्याच मांडीवर द्यायची. अर्ध्या तिकिटाचं पोरगं कडेवर घेऊन 'अजून पाचाचं न्हाई झालं' म्हणणाऱ्या बाईला, बाई उतरव त्याला खाली, पाय जमिनीला टेकून राहिले त्याचे, असं म्हणायचं. राग नसेल तर हे काम होत नाही. पण बसमधला राग बसमध्येच उतरतो. आता जो सांगणार आहे तो अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही.

टीव्हीवरच्या सामान्य ज्ञानाच्या कार्यक्रमात गेलेली ती खाकी कपड्यातली बाई, ती मी. तुम्ही तो तुकडा मोबाइलवर बघितला असेल. हसलाही असाल. ज्यांच्यावर हसलात ते माझे थोरले दीर. आमच्याकडं थोरल्या दिराला भासरे म्हणतात आणि आमच्याकडं सून भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, नजर खाली, त्यांचं नाव तोंडात नाही, ते ओसरीवर असतील तर बाजेवर बसायचं नाही. तेही सुनेशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर मध्ये सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. 'म्हणावं, पाणी तापलंय.' 'म्हणावं, रानात जाऊन राहिलो.' सासूबाई दोन हातांवर उभ्या असल्या, दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असलं, तरी त्या निरोप इकडून तिकडं नेणार. जुन्या गावांत अजून चालतं हे. कमी झालंय, पण आमच्या घरात कमी झालं नव्हतं.

मला विचाराल तर मला ही रीत पहिल्या दिवसापासून पटली नाही. दिवसभर मी परक्या बाप्यांवर ओरडते. बसमध्ये मला दादा आहेत, मामा आहेत, काका, बाबा, सगळे शब्द आहेत. आणि घरात आले की ज्या माणसानं मला ही नोकरी मिळवून दिली त्याला हाक मारायला माझ्याकडं एक शब्द नाही.

नोकरी मिळवून दिली म्हणजे वशिल्यानं नाही. शिकवून. ते कसं, तेही ऐका.

भासरे पुण्याला राहून कितीतरी वर्षं स्पर्धा परीक्षा देत होते. पूर्व परीक्षा निघायची, मुख्य निघायची आणि मुलाखतीच्या दारात अडायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वय निघून गेलं तसे पेटीभर पुस्तकं घेऊन गावी आले. लग्न केलं नाही. शेत बघायचे, म्हशीची धार काढायचे. गावानं त्यांना नाव ठेवलं, कलेक्टर. 'काय कलेक्टर, आज दौरा कुणीकडं?' असं पारावरून विचारायचे आणि ते हसून म्हशीमागं निघून जायचे. माझ्या मालकांना याचा लई राग. माझे मालक गोरेगाव ते सेनगाव काळीपिवळी जीप चालवतात, म्हणजे माझ्या एसटीची गिऱ्हाइकं पळवतात, पण ते भांडण वेगळं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघराला एक लहान खिडकी आहे, ती गोठ्यात उघडते. एका संध्याकाळी मी भाकरी करत होते, ते खिडकीपलीकडं धार काढत होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. ते म्हशीला म्हणाले, "सांग बरं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं?"

म्हैस काय सांगणार. मी तव्यावरच्या भाकरीला सांगितलं, कळसूबाई. गोठ्यातला धारेचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि म्हशीला दुसरा प्रश्न आला.

तिथून रोज. ते म्हशीला विचारायचे, मी भाकरीला सांगायची. नद्या, घाट, घटनेतली कलमं, कोणत्या जीवनसत्त्वाअभावी कोणता आजार. उत्तर चुकलं की ते म्हशीवर खेकसायचे. काल तर सांगितलं तुला, ध्यान कुठं असतं तुझं. म्हैस बिचारी कान हलवायची. मी इकडं तोंडात पदर धरून हसायची आणि उत्तर पाठ करायची. मला पुस्तक द्यायचं असलं की सासूबाईंना म्हणायचे, चुलीपाशी ठेव. सासूबाईंना वाटायचं, पोरगं पुस्तकं जाळायला देऊन राहिलं. मग मी कंडक्टरच्या भरतीला बसले आणि पहिल्या झटक्यात निघाले. घरात पेढे वाटले. भासऱ्यांनी एक पेढा म्हशीला चारला.

आमच्या देवळाच्या सभामंडपात ते सकाळी गावातल्या पोरापोरींना फुकट शिकवायचे. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक, जे ज्याला द्यायचं असेल ते. त्यातल्या दोन पोरी लागल्यासुद्धा. आता गाव कलेक्टर म्हणायचं ते थोडं कमी टोचून म्हणायला लागलं होतं. कुणी 'सर'ही म्हणायचं. एवढंच त्यांनी आयुष्यात कमावलेलं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण हेच गेलं.

कार्यक्रमात मी गेले ते मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं देत देत. एक फोन आला, मग दुसरा, मग चाचणी, मग मुंबईला यायचं ठरलं. त्याआधी त्यांची माणसं गावात आली, माझ्या आयुष्याची छोटी फिल्म करायला. तिथून माझ्या डोक्यात ठिणगी पडली. मला म्हणाले, डोक्यावर घागर घेऊन विहिरीकडून चालत या. मी म्हटलं, घरात नळ आहे. म्हणाले, ते ठीक आहे ताई, पण दिसायला चांगलं दिसतं. मी म्हटलं, मला नळही चांगला दिसतो. मग म्हणाले, चुलीवर फुंकर मारा. गॅस बंद करून चूल पेटवायला लावली, फुंकून फुंकून माझे डोळे लाल झाले, आणि त्यांनी नेमके तेच डोळे टिपले. तिथं गेल्यावर कळलं, माझ्या आधी खुर्चीत बसलेल्या पुण्याच्या इंजिनिअरच्या फिल्ममध्ये कुत्रा होता आणि गिटार होती. त्याला कुणी रडवलं नव्हतं.

त्यांच्यात एक मुलगी होती, गोड बोलणारी. माझ्यासोबत स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ठेचा-भाकरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येतंय तरी अजून द्या म्हणाली. मला ती आवडली. तिनं विचारलं, ताई, इतकं सगळं शिकलात कुणाकडून? आणि मी तिला खिडकी दाखवली. म्हशीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. ती हसली, पण वाईट नाही हसली. मी तिला बजावून सांगितलं, हे टीव्हीवर नको, घरातली गोष्ट आहे, त्यांना आवडणार नाही. ती माझा हात धरून म्हणाली, "नाही हो ताई, हे आपल्या दोघींतलं."

जाताना त्यांच्या कॅमेरावाल्यानं म्हशीचंही चित्रण केलं. कशाला म्हटलं तर म्हणाला, सहज, छान दिसून राहिली. आमचीच बोली आमच्याच तोंडावर मारली त्यानं, आणि मला वाटलं, किती साधा माणूस.

कुणी म्हणेल, सांगितलंस कशाला? उचलली जीभ लावली टाळ्याला. नाही. पंगतीला बसून माझं अन्न खाणाऱ्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक नाही. मी ती पत्करणार नाही.

त्या कार्यक्रमात अडलं तर एका माणसाला फोन लावता येतो. अर्धा मिनिट. मी भासऱ्यांचं नाव लिहून दिलं. दुसरं कुणाचं देणार? माझ्या मालकांना इथून वसमतपर्यंतचे सगळे खड्डे पाठ आहेत, ते तिथं कोण विचारणार. रीतीचं काय करायचं, हे आम्ही आधी ठरवलं. सासूबाईंना मध्ये घालूनच ठरवलं. फोनवर तिथला निवेदक असणारच. मी प्रश्न त्याच्याकडं बघून वाचणार, भासरे उत्तर त्याला देणार. म्हणजे त्या दिवशीची म्हैस म्हणजे निवेदक. भासरे आतून खुश होते. शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवला, ज्याला फोनवर कुणी बघणार नव्हतं तो शर्ट. सासूबाईंनी मला सांगितलं, तो म्हणून राहिला, भूगोल आला तर बिनधास्त फोन लाव म्हणावं.

आणि भूगोलच आला.

मी चांगलं खेळत होते. लोक टाळ्या वाजवत होते, दिव्यांनी घाम फुटला होता, खाकी साडी पाठीला चिकटली होती. खाकी त्यांनीच नेसायला लावली होती. प्रश्न आला, विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती? नाईल, अमेझॉन, काँगो, नायजर. मला तो प्रश्न ठाऊक होता. खिडकीतून आलेला होता. पण तिथं, त्या दिव्यांखाली, माझ्या डोक्यात नाईल आणि काँगो एकमेकींत घुसल्या आणि सुटेनात. मी म्हटलं, फोन लावते.

निवेदक हसला. तो फार मोठा माणूस आहे, त्याचं नाव घेत नाही, तुम्हाला तो ठाऊक आहे असं समजा. तो प्रेक्षकांकडं वळला आणि सगळं सांगून टाकलं. माझी खिडकी, माझी भाकरी, आमची म्हैस, सासूबाईंचे निरोप. रंगवून रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले. मी त्या गोड मुलीला शोधत होते. ती कॅमेऱ्याच्या मागं उभी होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खुर्चीला बेड्या नसतात, तरी तिथून उठता येत नाही.

तेवढ्यात फोन लागला. भासरे ठणठणीत आवाजात नमस्कार साहेब म्हणाले. निवेदकानं नमस्कार केला आणि म्हणाला, "आता मी गप्प बसणार. मी इथं नाहीच असं समजा. ताई, आज तुम्ही थेट बोलायचं. इतक्या वर्षांची भिंत आज आपण पाडू या."

टाळ्या. त्यानं ओठावर बोट ठेवलं. घड्याळ सुरू झालं.

मी त्याच्याकडं बघूनच प्रश्न वाचला, जसं ठरलं होतं तसं. नद्यांची नावं वाचली. पलीकडं शांत. भासऱ्यांच्या कानात माझा आवाज होता, सरळ, मध्ये कुणी नाही. तो आवाज त्यांनी तसा कधी ऐकलेला नव्हता. निवेदक गप्प, म्हैस गोठ्यात, आणि सासूबाईंना कार्यक्रमवाल्यांच्याच नियमानं परसात पाठवलेलं, की फोनजवळ दुसरं माणूस नको. मी निवेदकाला हातानं खूण केली, तुम्ही बोला, नुसतं हो म्हणा. त्यानं मान हलवली आणि बोट ओठावरून काढलं नाही. मग भासऱ्यांचा आवाज आला, फोनपासून लांब तोंड करून. "आई. अगं आई, इकडं ये. तिला सांग—"

पुढचं ऐकू आलं नाही. लोक इतके हसले की पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही. फोन कटला.

मी नाईल म्हटलं. चुकलं. निवेदकानं माझा हात हातात घेतला, काही हरकत नाही ताई, तुम्ही सगळ्यांची मनं जिंकलीत. मनं जिंकलीत म्हणे. मी काय मनं जिंकायला गेले होते तिथं? पण जिचा बसमध्ये उलटं बोलल्याशिवाय दिवस जात नाही अशी मी, तिथं थँक्यू म्हणून उतरले.

घरी आले तर सासूबाई दारातच. भासरे आत आले नाहीत, रानातच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "त्यानं सांगितलं होतं. फोन चालू होता तवाच कांगो, कांगो, असं मला तीन खेपा म्हणला. मला काय ते कांगो कळून राहिलंय? मी म्हटलं कुणाला सांगू, फोन तर बंद पडला."

म्हणजे ते बोलले होते. उत्तर बरोबर होतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दिलं होतं. तिकडं माणसं दात काढत होती म्हणून ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडं सगळं टेप झालेलं असणार, आवाज वाढवून ऐका, उत्तर त्यात आहे. तेवढं दाखवा. हरलेलं मला परत नको, खेळ परत नको, फक्त त्या माणसाला येत होतं एवढं दाखवा. ती म्हणाली, बघते ताई. गोड आवाजात म्हणाली.

मग कार्यक्रम लागला. आमच्या ओसरीवर अर्धं गाव बसलं होतं. भासरे खांबाला टेकून, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या आत धागाभर आशा होती. फोनचा भाग आला. भासरे गप्प झाले तिथं त्यांनी टुणटुण वाजणारं संगीत टाकलं. आणि मग, काय दाखवलं असेल? आमची म्हैस. रवंथ करत, कॅमेऱ्याकडं बघत, तोंड भरून. तिच्या तोंडावर 'आई, तिला सांग' हे त्यांचे शब्द. आणि मागून हशा. एकदा नाही, परत दाखवलं. उत्तर नव्हतं. उत्तराच्या जागी म्हैस होती.

ओसरीवरचे लोकही हसले. आपलेच लोक. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला, की टीव्हीतून हसण्याचा आवाज आला की आमच्याही तोंडातून हसू फुटतं, मग घर कुणाचं हे बघत नाही. भासरे उठले, चपला घातल्या आणि गोठ्यात गेले. मी खिडकीतून बघितलं. ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि काही विचारत नव्हते.

त्यानंतर त्यांनी म्हशीला प्रश्न विचारणं बंद केलं. धार काढायचे, उठून जायचे. स्वयंपाकघरात भाकरीचा थपथप आवाज आणि पलीकडं बादलीतला, बस्स. गावात कलेक्टर हे नाव गेलं, नवीन आलं, म्हशीचा मास्तर. सभामंडपातली पोरं एकेक करून कमी झाली. दोघांनी सेनगावात पैसे भरून क्लास लावला. एका सकाळी भासरे देवळात गेले, घटकाभर एकटेच बसले आणि फळा उचलून घरी घेऊन आले. तो त्यांनी गोठ्यात गव्हाणीच्या मागं ठेवला. तो दिसला की माझ्या डोळ्यांपुढं लाल व्हायचं.

मी त्या मुलीला पुन्हा फोन लावला. ओरडले मी तिच्यावर, जेवढं येतं तेवढं सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि खरंच न कळून म्हणाली, "पण ताई, तुमचाच भाग सगळ्यात जास्त बघितला गेला. लोकांना किती आवडलात तुम्ही."

तिला खरंच वाटत होतं की तिनं माझं भलं केलं. अशा माणसाशी भांडता येत नाही. मुद्दाम वाईट करणाऱ्याशी भांडता येतं.

परवाचीच गोष्ट. सकाळची गाडी, सेनगावहून गोरेगावला. तांड्याच्या फाट्यावर चढलेल्या बायांची तिकिटं फाडून, म्हणजे आता मशीननंच निघतात, पण तोंडात फाडणंच बसलंय, तर ती देऊन मी पुढं आले. आमच्याच गावातले एक गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, पोराला सेनगावच्या क्लासला घातलं. शेजारच्यानं विचारलं, काहून, तुमच्या गावात तर फुकट होतं ना? ते म्हणाले, ज्याला टीव्हीवर एक उत्तर देता आलं न्हाई, तो काय शिकवणार पोरांना? मी मागंच उभी होते. मी म्हटलं, काका, उत्तर त्यांनी दिलं होतं. ते ओशाळले, पण मागं हटले नाहीत. म्हणाले, असं कोण म्हणतं?

मी म्हटलं, माझ्या सासूबाई.

सगळी बस हसली. ड्रायव्हरसुद्धा हसला. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, आई, तिला सांग. मी घंटी मारली, गाडी थांबली तर कुणाला उतरायचं होतं ते कुणालाच कळेना. मलाही कळेना. पुन्हा दोन घंट्या मारल्या आणि गाडी निघाली. दिवसभर मी सगळ्यांशी तोडून बोलले. एका बाईचं लेकरू उगाच माझ्यामुळं रडलं.

ड्यूटी संपवून घरी आले तेव्हा दिवस कलला होता. रोज मी मागच्या दारानं आत जाते, खाकी बदलते, घरची साडी नेसून डोक्यावर पदर घेते आणि मगच पुढं येते. त्या दिवशी मी पुढच्या दारानं आले. भासरे ओसरीवर बसून कासरा वळत होते. सासूबाई घरात नव्हत्या. मी चपला काढल्या, पदर खांद्यावरच राहू दिला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते गडबडून उठले आणि दाराकडं बघायला लागले, आईला हाक मारायला. मग गोठ्याकडं बघायला लागले.

मला हाक मारायची होती आणि शब्द नव्हता. दादा नाही, भाऊ नाही, नाव तर नाहीच. मग जो खरा होता तो आला. बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जातो तेवढा आवाज लावून मी म्हटलं, "सर, विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती?"

आमच्या गल्लीत घरं अंगाला अंग लावून आहेत. समोरची बाई धान्य पाखडत होती, तिचं सूप थांबलं. पाराकडून येणारे दोघं जण थांबले. त्यांच्यात सकाळचे बसमधले काकाही होते, असं मला नंतर दिसलं. भासरे खाली बघत होते. हातातला कासरा एकदा पिळला, सोडला. मी हलले नाही. मला वाटलं, आता हे मागच्या दारानं निघून जातील आणि मग या घरात कुणी कुणाला काहीच सांगणार नाही.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. चेहरा लाल झाला होता आणि तो लाजेनं नव्हता झालेला.

"काँगो," ते म्हणाले. आणि मग एकदम खेकसले, "तुला ठाऊक होतं की ते. नाईल काहून म्हणलीस? नाईल कुठं विषुववृत्त दोनदा ओलांडते? खिडकीतून किती खेपा सांगितलं. मी काय म्हशीला शिकवून राहिलो होतो व्हय? तुला शिकवून राहिलो होतो."

मला बरंही वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. इतकी वर्षं साठवून पहिलं वाक्य बोलले ते रागावूनच. मी म्हटलं, व्हय सर. तेही मोठ्यानंच म्हटलं, गल्लीला ऐकू जाईल असं.

"नीट पाठ कर," ते म्हणाले.

सासूबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या, केव्हापासून ते ठाऊक नाही. हातात शेजारून आणलेली कढीपत्त्याची डहाळी. त्यांनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा माझ्या उघड्या डोक्याकडं. मग आयुष्यभराच्या सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तो म्हणून राहिला, नीट पाठ कर."

"ऐकलं आत्याबाई," मी म्हटलं. "मी ऐकलं."